गरोदर बाईचा भात बंद करण्याआधी तिचं ताट बघा

आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी तलासरीकडच्या एका पाड्यावरून एक बाई तपासायला आली. वय बावीस-तेवीस, सातवा महिना, दुसरी खेप, वजन 41 किलो. नवरा उंबरगावला कंपनीत कामाला आणि ती स्वतः डहाणूच्या बाजूला चिकूच्या वाडीत रोजाने जाणारी. तिची साखरेची चाचणी केली. दोन तासांनी आकडा आला 168. मी ड्रॉवर उघडला, गरोदरपणातल्या मधुमेहाचा छापील आहार-कागद काढला आणि तिच्या हातात दिला. भात बंद, बटाटा बंद, साखर-गूळ बंद, केळं-चिकू बंद. सकाळी ओट्स किंवा मोड आलेली कडधान्यं, दुपारी दोन फुलके, कोशिंबीर, ताक, संध्याकाळी चार बदाम. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला. ती म्हणाली, "भात नाय, तं मंग काय खाव डॉक्टर?" मी म्हटलं, "हे काय, यात सगळं लिहिलंय."

दोन आठवड्यांनी ती परत आली. जेवणानंतरची साखर 112. मी खूश झाले, तिला शाबासकीही दिली. मग आमच्या सिस्टरने तिला वजनकाट्यावर उभं केलं. वजन दीड किलोने उतरलं होतं. लघवी तपासली तर कीटोन पॉझिटिव्ह. तेव्हा कुठे मी विचारलं की बाई, तू जेवतेस काय? तिने सांगितलं ते असं: डॉक्टरने भात बंद केला म्हणून सकाळी कोरा चहा, तोही बिनसाखरेचा. दुपारी वाडीवर काही नाही. रात्री एक भाकर आणि मिरचीची चटणी. फुलके करायला घरात गहू नव्हता आणि बदाम तिने कधी विकत घेतलेले नव्हते.

साखर आटोक्यात आली होती, कारण बाई उपाशी होती. आणि मी तिला शाबासकी दिली होती.

हा लेख त्या कागदाविरुद्ध आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये होता तसा तो अजून कितीतरी ड्रॉवरमध्ये आहे, आणि आता मोबाइलवरही फिरतो.

काटक बाईला साखर होत नाही?

आधी एक समज मोडायला हवा, कारण तो आमच्या व्यवसायातही घट्ट बसलेला आहे. मधुमेह म्हणजे शहरातल्या, बसून काम करणाऱ्या, वजनदार बायकांचा आजार. डहाणूच्या पूर्वेला गंजाड-कासा पट्ट्यातली, डोक्यावर मोळी घेऊन चार किलोमीटर चालणारी वारली बाई आणि तिला साखर? काहीतरीच काय! असं म्हणून चाचणी केलीच जात नाही. आणि चाचणीच केली नाही तर आजार सापडणार कसा? मग "आमच्याकडे सापडत नाही" हाच पुरावा म्हणून पुढे केला जातो.

गरोदरपणात साखर का वाढते ते समजून घ्या. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वार अशी संप्रेरकं सोडू लागते, की ज्यांच्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. हा बिघाड नाही, ही निसर्गाची सोय आहे. आईच्या रक्तातली साखर जरा जास्त वेळ रक्तात राहावी आणि बाळापर्यंत पोहोचावी, यासाठी. प्रत्येक गरोदर बाईत हे घडतं. ज्या बाईचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन करू शकतं तिची साखर ठीक राहते. ज्या बाईचं करू शकत नाही, तिची वाढते.

आता प्रश्न असा की कोणाचं स्वादुपिंड कमी पडतं? लठ्ठ बाईचं पडतं, कारण तिच्यात इन्सुलिनला विरोध आधीच जास्त असतो. पण जी बाई स्वतः दोन किलोची जन्मली, अर्धपोटी वाढली, सतराव्या-अठराव्या वर्षी आई झाली, तिचंही पडतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी आईच्या पोटात आणि लहानपणी घडतात. तेव्हा प्रथिनं कमी पडली तर कारखानाच लहान राहतो. शिवाय जेवणातली साखर मोठ्या प्रमाणात साठवून घेतात ते स्नायू, आणि 41 किलोच्या बाईकडे स्नायू असतात किती?

हे मी हवेत बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, किडकिडीत बायका. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं वजनाने जवळजवळ 800 ग्रॅम कमी होती. पण काय कमी होतं? स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा बाळाला मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त असतो. तसंच नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात जो दुष्काळ पडला, तेव्हा जी मुलं पोटात होती ती पन्नाशीत तपासली, तर त्यांच्यात ग्लुकोजच्या चाचणीनंतरची साखर जास्त सापडली. म्हणजे आईच्या पोटातल्या भुकेचा हिशोब पन्नास वर्षांनी निघाला.

(जाता जाता: आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 साली कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला 'टाइप 5' म्हणून मान्यता दिली. हा गरोदरपणातला मधुमेह नव्हे, तो वेगळा. पण ज्यांना 'बारीक माणसाला मधुमेह' हे शब्दच चुकीचे वाटतात त्यांच्यासाठी सांगितलं.)

रेशनचं ताट

आता ताटाकडे या. डहाणू-तलासरीच्या पाड्यावरची बाई जेवते काय? पावसाळ्यानंतर स्वतःच्या शेतातला भात असतो तोवर तो. नंतर रेशनचा तांदूळ. नाचणीची भाकर काही घरांत अजून आहे, पण वरकस जमिनीवर नाचणी-वरी लावणं कमी होत गेलं आहे. भाताबरोबर पातळ डाळ असली तर असली, नाहीतर चटणी, नाहीतर सुकटीचं पातळ कालवण ज्यात सुकट मोजून घ्यावी.

शिजवण्याआधी 150 ग्रॅम तांदूळ घेतला, राबणारी बाई एका वेळी एवढा सहज खाते, तर त्यात साधारण 115 ग्रॅम पिष्ट असतं. साखरेच्या चाचणीत आम्ही तुम्हाला 75 ग्रॅम ग्लुकोज पाजतो, म्हणजे पंधरा चमचे. आता विचार करा. ताटात नुसता भात असेल, बरोबर डाळ, भाजी, मासळी, तेल असं काही नसेल, तर प्रत्येक जेवण त्या चाचणीपेक्षा मोठं आहे. ग्लुकोजपेक्षा थोडं सावकाश, पण पांढऱ्या भाताची साखर व्हायला वेळ लागत नाही. त्यात दिवसभर कोरा चहा, कपाला दोन-तीन चमचे साखर घालून, कारण भूक मारायचा तोच स्वस्त उपाय आहे.

मग दोष भाताचा का? नाही. दोष भाताच्या एकटेपणाचा आहे. हाच भात डाळीबरोबर, अंड्याबरोबर, शेवग्याच्या पाल्याबरोबर, मुठ्याच्या कालवणाबरोबर खाल्ला तर साखर तेवढी उसळत नाही. प्रथिनं आणि तंतू पोट सावकाश रिकामं करतात. हे साधं शरीरशास्त्र आहे.

आणि ताटात भात एकटा का पडला, याचं उत्तर बाईच्या अज्ञानात शोधू नका. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्यात माणशी 5 किलो किंवा अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्याचा हक्क आहे. धान्य म्हणजे तांदूळ, गहू, भरड धान्य. डाळ त्या हक्कात नाही. तेल नाही. अंड्याचा तर प्रश्नच नाही. सरकारने पोट भरायची जबाबदारी घेतली, ती मोठीच गोष्ट आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. भुकेचे दिवस या जिल्ह्याने पाहिले आहेत. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं गेली तेव्हा सगळा देश हादरला होता. पण पोट पिष्टाने भरायचं आणि बाकीचं ज्याचं त्याने बघायचं, हा हिशोब गरोदर बाईच्या बाबतीत चालत नाही. तिला रोजच्यापेक्षा साधारण 350 कॅलरी जास्त लागतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तर प्रथिनं रोज 22 ग्रॅम जास्त लागतात. हे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आहेत. 22 ग्रॅम म्हणजे साडेतीन-चार अंडी. ती भाताने भरून निघायची तर केवढा भात खावा लागेल आणि साखर कुठे जाईल, तुम्हीच बघा.

काही कार्यकर्ते मंडळी मला म्हणतात, "डॉक्टर, इथे बायका उपाशी आहेत आणि तुम्ही साखरेचं काय घेऊन बसलात? हे शहरी आजार इकडे आणू नका." त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं म्हणणं चूक आहे. या बाईची भूक आणि तिची साखर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्ही एकाच ताटातून येतात. भूक आहे म्हणून साखर बघायची नाही, हे म्हणजे घर गळतंय म्हणून भिंतीची भेग बघायची नाही.

मुंबईत काय दिसलं

मी नुसती तक्रार करत नाही. ताट बदललं तर साखर बदलते, हे डहाणूपासून सव्वाशे किलोमीटरवर, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तपासून झालं आहे.

2006 ते 2012 या काळात तिथे एक मोठा प्रयोग झाला. गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या बायकांना रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, सुकवलेली फळं आणि दूध. दुसऱ्या गटाचा खाऊ दिसायला तसाच, पण बटाटा, कांदा असल्या पदार्थांचा. घरी न्यायचा नाही, केंद्रावर येऊन समोर खायचा. गरोदर राहण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत. मग गरोदरपणात साखर तपासली. बटाट्या-कांद्याच्या गटात 12.4 टक्के बायकांना गरोदरपणातला मधुमेह निघाला, पालेभाजी-फळ-दुधाच्या गटात 7.3 टक्के. औषध नाही, इंजेक्शन नाही, एक खाऊ.

आता यात दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे आपण सोयीने डोळेझाक करतो.

पहिली: हा खाऊ गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने सुरू व्हावा अशी योजना होती. आपल्याकडे बाईच्या जेवणाची काळजी कधी सुरू होते? नोंदणी झाल्यावर. नोंदणी होते कधी? लवकर झाली तर तिसऱ्या महिन्यात. म्हणजे वार तयार होते, बाळाचे अवयव घडतात, तेव्हा बाई आपल्या वहीतच नसते. नवीन लग्न झालेल्या मुलीच्या ताटात काय आहे, हे कुठल्या रजिस्टरमध्ये लिहितो आपण?

दुसरी: बाळांच्या वजनावर त्या खाऊचा सरसकट मोठा परिणाम दिसला नाही. ज्या बायका मुळात फार बारीक नव्हत्या त्यांच्या बाळांचं वजन वाढलं. सगळ्यात बारीक बायकांच्या बाळांचं वाढलं नाही. मी त्याचा अर्थ असा लावते, की जिचं पोटच भरलेलं नाही तिला वरून थोडी पालेभाजी देऊन भागत नाही. तिला पोटभर जेवण हवं आणि त्या जेवणात डाळ-भाजी-दूध-मासळीही हवी. एक देऊन दुसरं काढून घ्यायचं नाही. माझ्या ड्रॉवरमधला कागद नेमकं तेच करत होता.

अमृत आहाराबद्दल

आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी राज्य सरकारने 2015 साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. अंगणवाडीत दिवसातून एक चौरस जेवण: भाकरी-चपाती, भात, डाळ, हिरवी भाजी, अंडं किंवा केळं, शेंगदाण्याचा लाडू. कागदावरची ही यादी मला मनापासून आवडते. ज्याने केली त्याला ताट कळत होतं. सुरुवातीला एका ताटाला 22 रुपये धरले होते. पुढे दर वाढवला. पण अंगणवाडी ताईला विचारा, डाळीचा भाव वाढला की ताटातून आधी काय पातळ होतं? भात पातळ होत नाही.

आणि पाडा लांब असला, बाई मजुरीवर गेलेली असली, की ते जेवण डब्यात घरी जातं. घरी गेलं की वाटून खाल्लं जातं, सासू आणि पहिलं मूल दोघं समोर असताना एकटीने अंडं खाणारी आई मी अजून पाहिलेली नाही. मुंबईच्या प्रयोगात खाऊ समोर बसून खायला लावला तो उगीच नव्हे.

गोड पदार्थांबद्दल आणखी एक. पोषण म्हणजे शिरा, खीर, लाडू, सुखडी, ही आपली जुनी सवय. कमी वजनाच्या मुलाला ते ठीक. पण जिची साखर वाढलेली निघाली त्या बाईलाही तोच शिरा आणि तोच लाडू देऊन आपण "आहार दिला" अशी टिकमार्क करतो. शेंगदाणा उत्तमच आहे. त्याला साखर-गूळ कशाला? भाजलेले दाणे मूठभर द्या. लाडवाऐवजी दुसरं अंडं द्या. यासाठी शासन निर्णयाची वाट बघायला लागू नये.

चाचणी मागून घ्या

आता तुमच्यासाठी, म्हणजे जिला दिवस गेलेत तिच्यासाठी, तिच्या नवऱ्यासाठी, सासूसाठी आणि आशाताईंसाठी.

केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईची साखरेची चाचणी दोनदा व्हायला हवी. पहिली नोंदणीच्या वेळी, दुसरी 24 ते 28 आठवड्यांत, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात. ही चाचणी उपाशीपोटी करावी लागत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी बोटातून किंवा शिरेतून रक्त द्यायचं. 140 किंवा जास्त आलं तर साखर वाढलेली आहे असं धरायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

काही तज्ज्ञांना ही पद्धत पसंत नाही. उपाशीपोटीच्या तीन वेळा रक्त घेण्याच्या चाचणीत ज्या सापडतात त्यातल्या काही बायका हिच्यात सुटतात, हे खरं आहे. पण पाड्यावरून पहाटे उपाशी निघून, जीपची वाट बघत, दहा वाजता दवाखान्यात पोहोचणाऱ्या बाईला तुम्ही तीनदा टोचणार आणि दुपारपर्यंत उपाशी ठेवणार, ही चाचणी होणारच नाही. न होणाऱ्या चांगल्या चाचणीपेक्षा होणारी बरी चाचणी मला चालते.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात. त्या दिवशी विचारा, "माझी साखर केली का?" नुसतं हिमोग्लोबिन झालं म्हणजे सगळं झालं नाही. आणि दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जायचं असेल तर जाण्याआधी करून घ्या. सहावा-सातवा महिना भट्टीवर गेला की दुसरी चाचणी राहूनच जाते, म्हणून पहिल्या भेटीतली चाचणी इथे फार महत्त्वाची.

एक इशारा. खासगी लॅबमध्ये 'तीन महिन्यांची सरासरी साखर', म्हणजे एचबीए1सी, करायला सांगतात. आपल्या भागात रक्तक्षय घरोघर आहे आणि वारली, कोकणा, कातकरी समाजात सिकलसेलही आढळतो. या दोन्हीत त्या चाचणीचा आकडा फसवा येऊ शकतो. गरोदरपणातली साखर ओळखण्यासाठी तिच्यावर पैसे घालवू नका, त्या पैशांची अंडी आणा.

साखर निघाली तर काय खायचं

भात सोडायचा नाही. हे आधी लक्षात ठेवा, आणि कोणी कागद हातात दिला तर त्यांनाही सांगा. गरोदर बाईला दिवसाला किमान 175 ग्रॅम पिष्ट लागतंच. ते मिळालं नाही, उपास घडला, की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन वाढतात. गरोदरपणात हे फार लवकर होतं. वजन उतरतं, बाळ वाढत नाही. साखरेचा आकडा मात्र छान दिसतो.

भात दोन वेळांत ढीगभर खाण्यापेक्षा तोच चार वेळांत वाटून खा. आधी डाळ, कालवण, भाजी, मग भात. सकाळी कामावर निघताना भाकर आणि मूठभर दाणे. वाडीवर, शेतावर डबा न्याच. रात्री झोपताना थोडं काहीतरी, म्हणजे रात्र फार लांब उपाशी जाणार नाही. चहातली साखर मात्र खरंच काढा. चहा जेवणाबरोबर नको, त्याने लोहाची गोळी वाया जाते.

नाचणीबद्दल. हल्ली नाचणी म्हणजे मधुमेहाचं औषध असं सगळे सांगत सुटलेत. नाचणी चांगली आहे, तिच्यात चुना भरपूर, तंतू आहेत. पण पिष्ट तिच्यातही तांदळाच्या जवळपास आहे. भाकर बरी, बारीक दळून केलेली पातळ, गोड आंबील प्यायलात तर साखर चढेलच. नाचणीबरोबरही डाळ लागते.

घरात काय आहे ते बघा. उडीद, तूर, वाल, चवळी. परसातली शेवग्याची पानं, पावसाळ्यात कुर्डू, टाकळा. डहाणू-बोर्डी-झाईची सुकट, जवळा, बोंबील: ही सुकी मासळी प्रथिनांनी गच्च भरलेली असते, मीठ जास्त म्हणून गरम पाण्यात धुऊन घ्या, रक्तदाब असेल तर बेताने. चिकू? वाडीत काम करून चिकू खायचा नाही हे मी सांगू शकत नाही. एक लहान, जेवणानंतर नव्हे, दाण्यांबरोबर मधल्या वेळी. ताडी अजिबात नाही. ती साखरेसाठी नव्हे, बाळासाठी नाही.

आणि सासूबाईंना हात जोडून: "पोटभर खाल्लं तर मूल मोठं होईल, बाळंत होताना अडेल" हे सोडा. 41 किलोच्या बाईचं मूल पोटभर जेवल्याने अडत नाही.

दोन आठवडे असं नीट जेवून पुन्हा तपासा. जेवणानंतर दोन तासांनी साखर 120 च्या आत हवी. नसेल तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन लागतं. ते लागलं म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही. इन्सुलिनसाठी फ्रीज नसेल तर काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. मातीच्या भांड्याची सोय करता येते. साखर वाढलेली ठेवली तर रक्तदाब वाढणं, बाळ पोटात जाणं, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरणं, हे सगळं होऊ शकतं. म्हणून बाळंतपण घरी नको.

त्या बाईचं पुढे

त्या दिवशी मी कागद परत घेतला आणि तिला विचारलं, घरात काय काय आहे? उडीद होते. सुकट होती. शेवग्याचं झाड होतं. कोंबड्या पाच. "अंडी खात नाहीस?" तर म्हणाली, "ती बाजारात जातात." अंडी विकून तेल-मीठ येत होतं. नवऱ्याला बोलावून घेतलं. तो शहाणा निघाला. रोजचं एक अंडं घरात ठेवायचं ठरलं, आणि भात सुरू झाला. चार वेळा, डाळीबरोबर. पुढच्या तपासणीला साखर 128 होती, म्हणजे आधीपेक्षा जास्त, आणि वजन वाढलं होतं. मेटफॉर्मिनची गोळी सुरू केली. मुलगी झाली, 2 किलो 450 ग्रॅम. तिचा पहिला मुलगा दोन किलोचाही नव्हता.

एक मात्र राहिलं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा बघायची असते, कारण गरोदरपणात जिची साखर वाढते तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात ते दहा पट जास्त असते. ती आलीच नाही. कुटुंब तोवर भट्टीवर गेलं होतं. पण बाळाला दीड महिन्याची लस द्यायला ती तिथल्या उपकेंद्रात गेली होती, लसीचं कार्ड तिने मला नंतर दाखवलं. त्या दिवशी बाळाला टोचलं, वजन केलं, कार्डावर लिहिलं. आईकडे कोणी पाहिलं नाही. आशाताई, दीड महिन्याच्या लसीला बाळ येतं तेव्हा त्याच कार्डावर, कोपऱ्यात, पेनने 'आईची साखर' एवढं लिहून ठेवा.